पद्मिनीचं इंजिन पडवीत: बोअर, स्लीव्ह आणि कोकणातली हवा

खाडीकाठचा (जून)

मंडळी, रामराम.

वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं चिऱ्याच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन जाम. ते आता खाली उतरवून पार शेवटच्या नटापर्यंत खोललंय. गाव रत्नागिरीजवळ, खाडीला लागून. हवेत मीठ, भिंतीत ओल आणि घरात 'एवढ्या पैशात सेकंडहँड मारुती आली असती' हे रोजचं पालुपद. चालायचंच.

काय सापडलं ते आधी सांगतो. प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल निम्मं-निम्मं ओतून ठेवलं होतं. तीन सिलिंडरांतलं हळूहळू खाली झिरपलं, पण तीन नंबरमधलं जागचं हललं नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा तिथेच गंजून बसल्यात हे हेड उघडायच्या आधीच कळलं. हेड काढलं तर त्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला. इतक्या वर्षांची दमट हवा त्याच वाटेने आत गेली असणार. मग फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून जरा पुढे, जरा मागे, परत डिझेल, परत पुढे. पिस्टनवर हातोडी चालवली नाही. शेवटी सुटलं.

ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. हेडमधल्या पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या आहेत, गॅसकेटची मागची बाजू तर पुठ्ठ्यासारखी सुटून आली. आमच्याकडे रेडिएटरला पहिल्यापासून विहिरीचं पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये आमची विहीर मचूळ होते. दोन वेगवेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, मग दुसरं काय व्हायचं?

आता मापं. स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी. एक आणि चार नंबर वरच्या टोकाला ६८.१८, खाली ६८.०५. दोन नंबर थोडा बरा. तीन नंबरच्या मधल्या भागात गंजाचे खड्डे, नख फिरवलं की अडकतं. क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग) चांगले आहेत, पण दोन नंबरच्या कॉनरॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) जर्नलवर ओरखडे आहेत.

प्रश्न असा की पहिल्या ओव्हरसाइजला (जरा मोठ्या पिस्टनच्या मापाला) बोअर केलं तर हे निघेल का, की चारही सिलिंडरला स्लीव्ह (आत बसवायचा नवा नळा) घालून परत स्टँडर्डवर यायचं? आणि काम आत्ताच द्यायचं की पावसाळा जाऊ द्यायचा? पडवीत जागा भरपूर आहे आणि चेन पुलीला लोखंडी गर्डर आहे. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग सोडून बाकी सगळं घरीच करायचं ठरवलंय.


चाकरमानी_पश्चिमरेल्वे

एवढं कशाला? एमरी पेपर मारा, नव्या रिंगा टाका आणि चालवा. आमच्या काकांची टॅक्सी होती, दर दोन-तीन वर्षांनी रिंगा बदलायचे, बोअरिंग कधीच केलं नाही.


उद्यमनगरी

भावा, टॅक्सीचं गणित वेगळं. ती रोज चालायची, तिला गंज माहीत नव्हता, आणि काकांना धुराची पर्वा नव्हती.

झिजलेल्या बोअरमध्ये सगळ्यात वर एक कडा राहते, कारण वरची रिंग तिथपर्यंत पोचतच नाही. जुनी रिंग त्या कडेच्या आकाराला गोल झालेली असते. नवी रिंग चौकोनी कडेची. ती वर जाऊन त्या पायरीवर आपटते, आणि मग रिंग तरी तुटते नाहीतर पिस्टनचा वरचा लँड (रिंगेच्या खाचेवरचा पट्टा) फुटतो. रिंगाच टाकायच्या तर आधी ती कडा काढावी लागते. आणि तीन नंबरच्या खड्ड्यांना एमरी पेपर काय करणार?

आता मूळ प्रश्न. मी कोल्हापुरात याच धंद्यात आहे, तरी ब्लॉक न बघता बोलतोय हे धरून चाला. फियाटचे, म्हणजे तुमच्या पद्मिनीचेही, ओव्हरसाइज ०.२, ०.४, ०.६ मिमी असे येतात. तुमचं बोअर वर ६८.१८ झालंय. ०.२ वर गेलात तर हातात उरतात मिलिमीटरचे दोन शतांश. त्यातही झीज चारी बाजूंनी सारखी नसते, पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला जास्त. त्यामुळे मूळ मध्य धरून बोअर मारला तर एका बाजूला कटर लागेल आणि दुसऱ्या बाजूला जुना पृष्ठभाग तसाच चमकत राहील. म्हणून ०.४. काही कारागीर मध्य सरकवून ०.२ मध्ये 'बसवून' देतात, तसलं काम घेऊ नका.

तीन नंबरचे खड्डे ०.४ ला जातात का ते पाहायचं. त्रिज्येत कापलं जातं फक्त ०.२. नखाला लागतात म्हणताय, म्हणजे मला शंका आहे. नाही गेले तर त्या एकट्या सिलिंडरला स्लीव्ह घाला आणि ती स्लीव्हसुद्धा बाकीच्या तिघांच्या ०.४ च्या मापालाच बोअर करून घ्या. चारही पिस्टन एका मापाचे राहतात. चारही स्लीव्ह घालून स्टँडर्डवर येणं चूक नाही, पण तुमच्या ब्लॉकमध्ये अजून ०.६ ची जागा शिल्लक असताना तीन जादा स्लीव्हचा खर्च आणि ब्लॉकवरचा ताण कशाला?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. खोक्यावर काय छापलंय यावर बोअर मारायचा नसतो, पिस्टनच्या स्कर्टचं (खालच्या भागाचं) माप घेऊन त्यावर क्लिअरन्स (मोकळी फट) धरून मारायचा असतो. लोक उलटं करतात. ब्लॉक ०.४ करून आणतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात.


वाशिष्ठीकाठ

वरच्या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारा. कोकणात तर त्याला अजून एक कारण आहे.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची ॲम्बेसेडर छतापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर पहिल्याच दिवशी शेजारच्याने उत्साहाने आपल्या गाडीला स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं आणि पाणी दाबलं जात नाही, कॉनरॉड वाकला. आमचे प्लग काढून आधी सगळं बाहेर काढलं म्हणून आमचं इंजिन वाचलं. पण गाळ सगळीकडे होता, त्यामुळे पुढे पूर्ण काम निघालंच. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

तुमचा शत्रू झीज नाही, थांबणं आहे. आपल्याकडे ताजं मशिनिंग केलेलं बीड उघडं ठेवलं तर जुलैत दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर तांबूस पापुद्रा दिसतो. खाडीला लागून असाल तर संध्याकाळीच. घाटावरच्या कारागिराला हे खरं वाटत नाही. तो होनिंग (बोअर आतून बारीक दगडाने घासणं) करून, कापडाने पुसून, ब्लॉक टेम्पोत टाकून मोकळा होतो. त्यामुळे ब्लॉक घेऊन यायला स्वतः जा. तिथेच आत-बाहेर ऑइल चोळा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि मग आंबा घाट उतरा.

आणि वेळापत्रक उलटं लावा. पावसाळ्यात फक्त धुणं, खरवडणं, मापं घेणं आणि पार्ट जमवणं. मशिनिंग दिवाळीनंतर. ब्लॉक घरी आला की सलग काम करून हेड चढवायचं, मध्ये लग्न-बारसं-शिमगा काही येऊ द्यायचं नाही. इंजिन एकदा बंद झालं, आत ऑइल फिरलं, की मग बाहेर कितीही पाऊस पडो.

सुटे भाग ठेवायला जुनं लाकडी कपाट घ्या आणि खाली साधा पिवळा बल्ब पेटता ठेवा. एलईडी नको, त्याला ऊब नसते. आमच्या पुस्तकांच्या कपाटातला बल्ब मी यासाठीच पळवला होता.


खाडीकाठचा

उद्यमनगरी, वाशिष्ठीकाठ, दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे ठरलं, दिवाळी. तोवर पिस्टन. पण ०.४ चे पिस्टन कुठे मिळतील? रत्नागिरीत विचारलं तर दुकानदार 'पद्मिनी?' म्हणून असा हसला की मीही हसून बाहेर आलो.


कातळावरची

मी जरा वेगळं सुचवते. प्रीमियर ११८ एनईमध्ये निस्सानचं १,१७१ सीसीचं ए१२ इंजिन होतं. पद्मिनीत ते बसवलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. ताकद जास्त, आणि हे बोअर-स्लीव्हचं लचांड नाही. तुमचं जुनं इंजिन १,०८९ सीसीचं, घाटात कशी धापा टाकते आठवतंय ना?


वाशिष्ठीकाठ

बसतं, पण तेही आता जुनंच इंजिन आहे. त्याचंही बोअरिंग निघणार! शिवाय माउंटिंग, सायलेन्सरची वाट, आरसी बुकातला इंजिन नंबर...


कातळावरची

इंजिन नंबरचा मुद्दा मान्य. मी आरटीओची कामं जवळून पाहते, म्हणून तेवढं सविस्तर लिहिते, कारण पुढे याचा उपयोग होईल.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली चालत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं, आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. तुमची गाडी १९७८ ची, म्हणजे २०२८ मध्ये पात्र होईल. तेव्हा तो रस्ता मोकळा ठेवायचा असेल तर दुसरं इंजिन घालू नका. माझीच सूचना मी मागे घेते.

पण एक लक्षात ठेवा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. तुम्हाला ती बाजाराला, देवळाला न्यायची असेल तर नेहमीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरणच बरं. आणि आहे त्या ब्लॉकवरचा नंबर जपा. वाळू मारून किंवा ग्राइंडर फिरवून ब्लॉक चकाचक करायच्या नादात नंबराची पट्टी खरवडू नका. तिच्यावर आधीच जाड चिकटपट्टी लावून ठेवा.


कुर्लेकर

आमच्या लहानपणी गाडीचा कारखाना कुर्ल्यात होता, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क जन्मसिद्ध!

पार्टबद्दल. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळीपिवळी पद्मिनी बंद झाली. त्याआधीच बऱ्याचशा भंगारात गेल्या होत्या. त्यामुळे वापरलेला माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, चोर बाजारात अजून फिरतो. नवा जुना स्टॉकही कधी कधी निघतो. विचारताना नुसतं 'पद्मिनी' म्हणू नका. १९६४ ची डिलाइट, १९७२ ची प्रेसिडेंट आणि १९७४ नंतरची पद्मिनी ही एकाच घराण्यातली भावंडं, जुने दुकानदार सगळ्यांना अजून 'फियाट'च म्हणतात. फियाटचा पिस्टन म्हटलंत की आतून खोकं येतं.

टॅक्सीचं हेड घेताना सावध राहा. बऱ्याच टॅक्सी शेवटी सीएनजीवर होत्या. सीएनजी कोरडा, त्यात व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो ती) लवकर झिजून आत बसतात. व्हॉल्व्ह आत किती खोल गेलेत ते पाहा. आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्या शिशाचा एक फायदा म्हणजे मऊ सीट झिजायची नाही. आता नव्या सीट घालणारच असाल तर कडक सीट घालून घ्या, पैसे फार जास्त लागत नाहीत.


बांदेकर_मालवणी

बाबानू, ह्या सगळा वाचून माका घाम इलो. आमच्या आजोबांची डिलाइट अजून खळ्यात उभी आसा, तिच्यात कोंबडी अंडी घालता. तिचा इंजिन नको, कोंबडी र्‍हवांदे.


खाडीकाठचा (सप्टेंबर)

बांदेकर, कोंबडीला हलवू नका. डिलाइटचे दरवाजे मात्र झाकून ठेवा, आज ना उद्या त्यांना भाव येईल.

बातमी अशी की पिस्टन आले. भाचा गणपतीला तुतारी एक्स्प्रेसने आला तो मांडीवर खोकं घेऊन. पूजेचं सामान वर फळीवर आणि पिस्टन मांडीवर, यावर बहिणीने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले होते. 'चारचा सेट' म्हणून आलेल्यात तीन ०.४ चे आणि एक ०.६ चा. परत घेतले हे त्यातल्या त्यात बरं. भाच्याने आणलेले चारही मी गावातल्या सोनाराच्या काट्यावर गजनपिनसकट (पिस्टन कॉनरॉडला जोडणारी पिन) तोलले. तिघांत दोन-तीन ग्रॅमचा फरक, चौथा मात्र नऊ ग्रॅम जड. उद्यमनगरी, हे चालेल का?


उद्यमनगरी

नऊ जास्त आहे. पिनच्या बॉसखाली आतल्या बाजूला जे जादा बीड... सॉरी, ॲल्युमिनियम असतं, तिथून थोडं थोडं घासून काढतात. स्कर्टला आणि वरच्या डोक्याला हात लावायचा नाही. घरी करू नका, ब्लॉकबरोबर पिस्टन आणा. कॉनरॉडही तोलायचे आहेत, दोन्ही टोकं वेगवेगळी.

क्रँकचं दोन नंबरचं जर्नल ग्राइंड करायचं तर कॉनरॉडची चारही जर्नल एका अंडरसाइजला करा. १० थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बेअरिंग, म्हणजे ०.२५४ मिमी. मेन चांगले असतील तर त्यांना हात नको. आणि क्रँकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून साफ करा. तिथे चाळीस वर्षांचा काळा डांबरासारखा गाळ बसलेला असतो. ग्राइंडिंगची पावडर त्याला चिकटते आणि पहिल्या स्टार्टला सरळ नव्या बेअरिंगमध्ये जाते. बऱ्याच 'नवीन काम केलं आणि आठवड्यात इंजिन खडखडलं' कथांचं मूळ हेच.


चाकरमानी_पश्चिमरेल्वे

मी अजून वाचतोय हां. काकांनाही वाचून दाखवलं. काका म्हणाले, "बरोबर बोलतोय तो कोल्हापूरवाला."


खाडीकाठचा (डिसेंबर)

मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

ब्लॉक दिवाळीनंतर कोल्हापूरला नेला. तीन नंबरचे खड्डे ०.४ ला गेले नाहीत, उद्यमनगरींची शंका खरी ठरली. त्या एकट्याला स्लीव्ह, चारही ०.४. हेडवर आर्गन वेल्डिंग करून खाल्लेल्या कडा भरल्या, मग प्लेन मारलं, एक्झॉस्टला कडक सीट. गंजलेले वॉटर प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांची झाकणं) सगळे नवे, पितळी. एक जुना प्लग स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर आरपार, इतका पातळ झाला होता. आणतानाच ऑइल चोळून प्लॅस्टिक केलं होतं. ते दुकानात सगळे बघत होते.

घरी आल्यावर पहिलं काम ब्लॉक धुण्याचं. यावर वाद आहे म्हणून सविस्तर लिहितो. होनिंगच्या दगडाची पूड बोअरच्या रेषांत बसलेली असते, आणि ती पेट्रोल-डिझेलने निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी, कपड्याच्या साबणाचा चुरा आणि नायलॉनचा ब्रश. अंगणात केलं, पण आधी सगळीकडे पाणी मारून घेतलं. आमच्या जांभ्याची तांबडी धूळ वाऱ्याने उडते आणि तीही घासणारीच. घासलं, पाणी ओतलं, मग पांढऱ्या बनियनचा तुकडा ऑइलमध्ये बुडवून बोअरमध्ये फिरवला. राखाडी निघाला. परत साबण. परत तुकडा. जोवर तुकडा आत जाताना जसा होता तसाच बाहेर येत नाही तोवर धुणं थांबवायचं नाही, हे एवढंच माप. बायको म्हणाली, माझ्या साड्यासुद्धा इतक्या वेळा धुतल्या नाहीस. कोरडं करायला कंप्रेसर लावला तर व्होल्टेज नाही, मोटार नुसती हुंकारत राहिली. शेवटी मुलाने सायकलच्या पंपाने बोल्टच्या भोकांतलं पाणी उडवलं आणि मी मागोमाग ऑइल लावत गेलो. बारीकशी तांबूस झाक एका कडेला आलीच होती, तिथल्या तिथे गेली.

मग रिंगांचा गॅप. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा करून तिला इंचभर खाली ढकलायची म्हणजे ती सरळ बसते, आणि दोन टोकांमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं). ठोकताळा असा की बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाउ. ६८.४ मिमी म्हणजे २.७ इंच धरा, तर आठ ते अकरा थाउ यायला हवा. बाकी सगळ्या नऊ-दहाला आल्या. दोन नंबरची वरची रिंग मात्र सहालाच अडली. गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडली असती. पाना-पेटीतली बारीक कानस शिकंज्यात धरली आणि रिंगेचं एकच टोक तिच्यावर बाहेरून आत असं घासलं. दोन घास, परत आत घालून माप. शेवटी नऊचं पान किंचित अडखळत गेलं.

चारही पिस्टन आता आत आहेत. क्रँक हाताने फिरतो, जड पण एकसारखा. टायमिंग चेनच्या खुणा जुळवल्या, चेन नवीच घेतली. चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) लावताना सिलिकॉन अगदी पातळ लावला. जास्त लावला की आत लोंबलेले तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात.


वाशिष्ठीकाठ

उत्तम. हेड आवळताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. ॲल्युमिनियमचं हेड आहे, एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर ते वाकतं. आकडा मॅन्युअलमधला घ्या, इंटरनेटवरचा नको. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की परत एकदा आवळून घ्या.

टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावायला, आमच्या ॲम्बेसेडरवाल्यांची एक युक्ती आहे: नऊची बेरीज. व्हॉल्व्हना पुढून १ ते ८ नंबर द्या. ८ नंबरचा पूर्ण उघडा असताना १ नंबरचा सेट करा, ६ उघडा असताना ३ सेट करा. बेरीज कायम नऊ. तुमच्याही इंजिनचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ आहे. फक्त आधी एक्झॉस्ट-इनटेकची रांग दोन्ही टोकांकडून सारखी आहे ना हे मॅनिफोल्डवरून ताडून पाहा.


कुर्लेकर

आणि पेट्रोल! आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. जुने काळे रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरच्या सुईचं रबर, सगळं ते मऊ करून टाकतं. इथेनॉलला चालणारे पाइप आणि पडदा घाला. मिश्रणही थोडं पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, प्लग पांढरे दिसायला लागले तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं भोक) एक पायरी मोठा.


वाशिष्ठीकाठ

त्यात आपली हवा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरचा कप रिकामा करा. टाकी एकतर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. अर्धी टाकी म्हणजे आत दमट हवा, मग पाणी तळाला आणि टाकी आतून गंजली.


खाडीकाठचा (जानेवारी)

चालू झालं!

प्लग काढून आधी नुसतं स्टार्टरवर फिरवलं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. विझायला इतका वेळ लागला की बॅटरीची काळजी वाटायला लागली. मग प्लग, सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे संपर्क) पुसून, चोक ओढून. पहिल्यांदा कार्ब्युरेटरमधून एक फटका, डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला आणि धरलं. नवीन कॅम-टॅपेट असल्यामुळे आयडलवर सोडलं नाही, साधारण दोन हजार आरपीएमवर वीस मिनिटं. आत २०डब्ल्यू-५० साधं मिनरल ऑइल आहे. सिंथेटिक मुद्दाम टाळलं, रिंगा बसायला हव्यात. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, विहिरीला रजा.

सायलेन्सरमधून सुरुवातीला पांढरा धूर आला, तो असेंब्लीच्या ऑइलचा, दहा मिनिटांत गेला. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरतंय. कॉर्कचं गॅसकेट, परत एकदा लावतो. बाकी कुठे थेंब नाही. कॉम्प्रेशन सध्या चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांच्या आत आहे.

आता पहिले पाचशे किलोमीटर गावातल्या गावात, एका स्पीडला न धरता, चढ-उतारावर. मग ऑइल बदल.


उद्यमनगरी

अभिनंदन भावा. पाचशे किलोमीटरला ऑइल काढाल तेव्हा ते पांढऱ्या भांड्यात घ्या आणि उन्हात बघा. बारीक चंदेरी झाक असतेच, पहिल्यांदा दिसणारच. तुकडे किंवा तांबूस-पिवळी चकाकी दिसली तर मात्र चेंबर उघडा, ते बेअरिंग आहे. आणि पहिले काही दिवस घाट नको, निदान आंबा तरी.


कातळावरची

अभिनंदन! नूतनीकरणाची फी जाण्याआधी एकदा बघून घ्या. वीस वर्षांपेक्षा जुन्या कारची फी ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झाली आहे. तपासणीला जाताना दिवे, हॉर्न, वायपर आधी बघा. इंजिन कितीही छान वाजलं तरी ते वायपरच बघतात.


बांदेकर_मालवणी

आवाज टाका मरे इकडे! व्हिडीओ खंय आसा?


खाडीकाठचा

व्हिडीओ रात्री टाकतो, इथलं नेटवर्क बघून.

एक अडचण राहिलीच आहे. स्टिअरिंगवरचा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना अडकतो, लिंकेजचे बुश गेलेत असं वाटतं. कुणाकडे माप आहे का? नायलॉनचे लेथवर करून घ्यावेत की पितळी?


कुर्लेकर

नायलॉन. पितळी बुश पिन खातात. पण त्याचा वेगळा धागा काढा राव, या धाग्यात गिअरचं कुणाला सापडणार नाही.